शुगरवाल्यांची डोळ्याच्या पडद्याची तपासणी: सांगलीतला अनुभव, ५ पैकी ४ स्टार

चार स्टार देतोय ते डॉक्टर मॅडम आणि आतल्या स्टाफला. एक स्टार कापलाय त्याचं कारण खाली येईलच. हॉस्पिटल सांगलीतच आहे, विश्रामबागच्या बाजूला, नाव मुद्दाम घालत नाय कारण सांगली मिरजेत पडद्याचे डॉक्टर बरेच आहेत आणि मला कुणाची जाहिरात करायची नाय. तुम्ही तासगावचे असा नायतर जत, विट्याचे, तुम्ही जाल तिथं हे सगळं होतंय का ते बघता यावं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमच्या घरात शुगर दोघांना, आण्णांना म्हणजे वडिलांना आणि मला. आण्णांना लई वर्षं झाली, मला त्यामानानं अलीकडं निघाली. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी दोघांच्याही चिठ्ठीवर "पडदा तपासून घेणे" असं लिहून दिलं होतं, मग द्राक्षाचा हंगाम उरकला की जायचं ठरलं आणि दोघांची अपॉइंटमेंट एकाच दिवशी घेतली.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो कारण आमच्याकडं निम्म्या लोकांचा इथंच घोळ आहे. चष्म्याचा नंबर काढणं वेगळं आणि पडदा तपासणं वेगळं. दुकानात जाऊन नंबर काढला, काचा बदलल्या की माणूस म्हणतो डोळे तपासून आलो. पडदा डोळ्याच्या आत एकदम मागं असतो, तो नीट बघायचा तर बाहुली मोठी करायचं औषध घालावं लागतं नायतर त्यासाठीचा खास कॅमेरा लागतो. आण्णांनी मागं एका चष्म्याच्या दुकानात डोळे दाखवले होते, तिथं उजव्या डोळ्याला जरा कमी येतंय म्हटल्यावर "वय झालंय, मोतीबिंदू धरत असेल" असं सांगून नवीन काचा गळ्यात घातल्या. शुगर आहे का एवढं सुद्धा विचारलं नाय. याचा मला आजही राग येतो, कारण शुगरवाल्या माणसाला निदान पडद्याच्या डॉक्टरला दाखवा एवढं तरी सांगायला पाहिजे होतं, त्याला काय पैसे पडत नाहीत.

आता इथला अनुभव. काउंटरवर केसपेपर काढताना पोरीनं नीट विचारून घेतलं, शुगर किती वर्षांपासून, गोळ्या का इन्सुलिन, बीपी आहे का, किडनीचा काही त्रास, तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट आणलाय का. तो एचबीएवनसीचा रिपोर्ट बरोबर ठेवा, त्याच्याशिवाय डॉक्टरला अंदाज येत नाय, आणि गोळ्यांची चिठ्ठी पण ठेवा कारण "ती पांढरी गोल गोळी" यावरून कुणाला काही कळत नाय. बीपी तिथंच मोजला, नंतर कळलं की बाहुली मोठी करायच्या काही औषधांनी बीपी वाढू शकतो म्हणून आधी बघतात. ही गोष्ट मला आवडली.

मग पहिल्या मशीनवर हनुवटी टेकवून बसायचं, आत रस्त्याच्या टोकाला फुगा दिसतो तो बघत राहायचं. दुसऱ्या मशीनमधून डोळ्यावर हवेचा फुसकारा येतो, त्यावरून डोळ्याचं प्रेशर मोजतात म्हणजे काचबिंदूचा संशय आहे का ते कळतं. आण्णा त्या हवेला दचकून मागं सरकत होते, पोरगं न चिडता परत परत "आजोबा, हलू नका हं, झालंच" म्हणत होतं. शुगरवाल्यांना मोतीबिंदू लवकर येतो आणि काचबिंदूची भीतीपण जास्त असते, त्यामुळं हे सगळं एकाच फेरीत होतंय हे बरंय.

खरा प्रकार कळला तो अक्षरांच्या तक्त्यासमोर. दोन्ही डोळे उघडे असताना आण्णा धडाधड वाचत होते. मग पोरीनं डावा डोळा झाकला आणि उजव्यानं वाचायला लावलं तर मधल्या ओळीला अडखळले, म्हणाले अक्षर मधनंच पुसल्यासारखं दिसतंय. डावा डोळा झाकून ते कधी बघतच नव्हते, चांगला डोळा सगळं काम ओढत होता. रोज पेपर वाचणारा माणूस, बेदाण्याच्या पावत्या स्वतः लिहिणारा माणूस, त्याला एका डोळ्यानं मधलं पुसट दिसतंय हे घरात कुणाच्याच ध्यानात आलं नाय. तुम्ही आज घरी बसल्या बसल्या हे करून बघा, एकेक डोळा झाकायचा आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचं, फरशीच्या नायतर खिडकीच्या सरळ रेघा वाकड्या दिसतात का बघायचं. पण सगळं नीट दिसलं म्हणून तपासणी टाळू नका, ते का ते पुढं सांगतो.

डोळ्यात औषध घातल्यावर झोंबतं, पाचदहा सेकंद चांगलंच झोंबतं, मग काही नाही. पंधरावीस मिनिटं डोळे मिटून बसायचं, बाहुली मोठी होते. माझी लगेच झाली. आण्णांची होईना, परत घातलं, परत बसा, परत घातलं. बरीच वर्षं शुगर असली की बाहुली लवकर उघडत नाय असं तिथल्या सिस्टरनी सांगितलं, म्हणजे शेजारचा नंतर येऊन आधी आत गेला म्हणून भांडत बसू नका.

आणि इथंच माझा एक स्टार गेला. फोनवर अपॉइंटमेंट देताना कुणी सांगितलं नाय की औषध घातल्यावर चार ते सहा तास जवळचं दिसत नाय, उन्हात डोळा उघडत नाय आणि गाडी चालवायची नाय. आम्ही दोघंही तपासणीला, दोघांच्याही डोळ्यात औषध, आणि आलो होतो माझ्या मोटरसायकलवरनं. शेवटी धाकट्या भावाला फोन करून बोलवावं लागलं, तो वडापनं आला आणि त्यानं गाडी नेली, आम्ही दोघं रिक्षानं स्टँडवर. बाहेर पडलो तर भर दुपारचं ऊन, आण्णांनी टॉवेल डोक्यावरनं डोळ्यावर ओढून घेतला आणि माझा खांदा धरून चालले, आणि मलाच धड दिसत नव्हतं. दारात साधं छप्पर पण नाय, रिक्षा येईपर्यंत माणसं तशीच उन्हात डोळे मिटून उभी.

दुसरी तक्रार त्याहून मोठी आहे. सहीचा कागद औषध घातल्यावर दिला! बारीक छापील अक्षर, समोर धरलं तर नुसतं पांढरं पांढरं. मी म्हटलं मॅडम हे वाचणार कसं, तर त्या पोरीनं सगळं वाचून दाखवलं, तिच्याबद्दल काही म्हणणं नाय, पण कागद आधी द्यायला काय जातंय. म्हातारी माणसं तर विचारत पण नाहीत, बोट दाखवलं की सही. तुम्ही गेलात तर औषध घालायच्या आधीच विचारा की सही कशावर करायची आहे, पैसे किती आणि कशाकशाचे. तपासणीचे वेगळे, फोटोचे वेगळे, ओसीटीचे म्हणजे पडद्याच्या स्कॅनचे वेगळे असतात, एकदम विचारलं की सांगतात. आम्हा दोघांची तपासणी आणि फोटो धरून आण्णांच्या महिन्याच्या औषधापेक्षा कमीच झालं. ज्यांना तेवढंही जड आहे त्यांनी सिव्हिलला डोळ्यांच्या विभागात केसपेपर काढून विचारा, गर्दी असते, सकाळी लवकर जा.

खाण्याचं पण सांगून ठेवतो. या तपासणीला उपाशी जायचं नसतं. रक्त तपासायची सवय म्हणून बरीच माणसं गोळी घेऊन उपाशी येतात आणि तिथं दोन तीन तास बसतात. आमच्या समोरच्या बाकावर अथणीकडचे एक मामा होते, त्यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले, शुगर उतरली होती. सिस्टर पळत साखरेचं पाणी घेऊन आली आणि कन्नडमधनं त्यांच्याशी बोलत बसली, थोड्या वेळानं मामा नीट झाले. कर्नाटकातनं एवढे पेशंट येतात तर स्टाफला कन्नड येतंय हे फार बरं वाटलं. पण हॉस्पिटलात कँटीन नाय, त्यामुळं भाकरी भाजी नायतर निदान बिस्किटाचा पुडा पिशवीत असू द्या आणि गोळ्या नेहमीच्या वेळेला घ्या.

मग फोटो. अंधाऱ्या खोलीत मशीनला कपाळ टेकवायचं, समोर हिरवा ठिपका, लख्ख उजेड पडतो आणि झालं. दुखत नाय, हात लागत नाय, काही टोचत नाय. आण्णांना घरनं निघताना हीच भीती होती की डोळ्यात काहीतरी खुपसणार, तसलं काही नाही.

डॉक्टर मॅडमबद्दल मात्र जेवढं लिहीन तेवढं कमी. त्यांनी आधी दिव्यानं आणि भिंगानं स्वतः पडदा बघितला, वर बघा, खाली बघा, नाकाकडं बघा असं करत पार कडेपर्यंत. मग आम्हा दोघांचे फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. आधी माझा दाखवला, केशरी गोल, एका बाजूला पिवळसर चकती, ती डोळ्याची नस, आणि तिथनं झाडाच्या फांद्यांसारख्या फुटलेल्या लाल शिरा, बाकी सगळं स्वच्छ. मग आण्णांचा. त्यात बारीक लाल ठिपके, टाचणीनं टोचल्यासारखे, काही ठिकाणी रक्ताचे डाग आणि मधल्या भागाजवळ मेणासारखे पिवळे कण. मॅडमनी पेनाच्या टोकानं एकेक दाखवून सांगितलं. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पडद्याच्या बारीक शिरांच्या भिंती कमजोर होतात, त्यांना फुगे येतात ते लाल ठिपके, त्यातनं रक्त आणि पाणी पाझरतं, पाण्याबरोबर आलेली चरबी साठते ते पिवळे कण. आणि हे पाणी बरोबर मधल्या भागात, मॅक्युलात साठलं की सूज येते. मॅक्युला म्हणजे ज्याच्यावर आपण वाचतो, माणसाचं तोंड ओळखतो, सुईत दोरा ओवतो तो भाग. आण्णांच्या उजव्या डोळ्यात तिथंच सूज होती. ओसीटी काढली, म्हणजे पडद्याचा आडवा छेद दिसतो, मधे जिथं खळगी पाहिजे तिथं चक्क टेकाड आलेलं, मलासुद्धा दिसलं.

आण्णा म्हणाले, "मला तर सगळं दिसतंय की ओ म्याडम, पेपर वाचतोय रोज." मॅडम म्हणाल्या, "आण्णा, डावा चांगला आहे म्हणून वाचताय. पण डाव्यातपण ठिपके आहेत, बघा हे. दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून कळत नाही. नजर गेल्यावर आलात तर मला गेलेली सगळी परत आणता येईलच असं नाही, आत्ता आहे ती राखता येईल." हे त्या अजिबात न घाबरवता बोलल्या आणि आण्णांकडंच बघून बोलल्या, माझ्याकडं बघून नाही. म्हातारा माणूस समोर बसलाय आणि डॉक्टर पोराशी बोलतोय हे मी दुसरीकडं बघितलंय, इथं तसं झालं नाय.

सगळं नीट दिसत असलं तरी तपासायचं ते यासाठीच. हा आजार सुरवातीला काहीच सांगत नाय. वेटिंगमध्ये कवठेमहांकाळकडच्या एक मावशी होत्या, त्यांना एकदम सकाळी उठल्यावर डोळ्यापुढं काळे धागे, कोळिष्टकं तरंगायला लागली आणि नंतर सगळं धुरकट. आत रक्तस्राव झाला होता. पुढच्या टप्प्याला पडद्यावर नवीन शिरा फुटतात, त्या एकदम नाजूक असतात, फुटल्या की असं होतं, मग लेझर, इंजेक्शन, रक्त साफ होईना तर ऑपरेशन. त्यांची सून सांगत होती की चार दिवसांपूर्वीपर्यंत त्या ज्वारी निवडत होत्या, डोळ्याची काहीच तक्रार नव्हती. असे काळे ठिपके, धागे, डोळ्यापुढं पडदा आल्यासारखं, एकदम दिसायचं कमी, यातलं काहीही झालं तर वार्षिक तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.

कधी तपासायचं याचा तक्ता भिंतीवर मराठीत लावलाय, मोठ्या अक्षरात, हे एक चांगलं काम केलंय. आपल्याकडं बहुतेकांना असते ती मोठेपणी येणारी शुगर, ती निघाली की लगेच पहिली तपासणी, कारण ती कळायच्या आधीच काही वर्षं अंगात असू शकते. मग दरवर्षी एकदा, आणि काही सापडलं तर डॉक्टर सांगतील तसं लवकर. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या पोरांना शुगर निघाल्यापासून पाच वर्षांच्या आत सुरू करायची. आणि शुगर असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच दाखवायचं, कारण गरोदरपणात हे झपाट्यानं वाढू शकतं. हे शेवटचं आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, मी तिथनंच बहिणीला फोन केला.

एम्सनं ५० वर्षांपुढच्या लोकांचा देशभर सर्वे केला होता २०१५ ते २०१९ मध्ये, त्यात शुगर असलेल्यांपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर परिणाम झालेला निघाला. म्हणजे साधारण सहा जणांत एक. आणि २०२३ ला आयसीएमआरचा जो अभ्यास आला त्यात देशात शुगरवाले १० कोटींच्या वर. आता तुमच्या गल्लीतले, भावकीतले शुगरवाले मोजा.

शिबिरात फोटो काढतात त्याबद्दल पण विचारलं, कारण १४ नोव्हेंबरच्या जागतिक मधुमेह दिनाच्या आसपास अशी शिबिरं बऱ्याच ठिकाणी होतात. मॅडम म्हणाल्या जरूर काढा, काहीच न करण्यापेक्षा लाख पटीनं बरं, फक्त मोतीबिंदूमुळं फोटो धूसर आला आणि "नीट दिसत नाही" असं लिहून दिलं तर त्याचा अर्थ "काही नाही" असा घेऊ नका, हॉस्पिटलात येऊन पूर्ण तपासा. आणि शुगर वरखाली होत असताना चष्मा बदलायची घाई करू नका, कारण शुगरप्रमाणं डोळ्यातलं भिंग फुगतं, नंबर हलतो. आधी शुगर जागेवर आणायची मग नंबर. आण्णांच्या त्या नवीन काचा कपाटात पडून आहेत.

आण्णांना उजव्या डोळ्यात इंजेक्शन सांगितलं. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर घरात आईचं रडणं सुरू झालं, ते साहजिकच आहे. पण डोळा बधिर करायचे थेंब घालतात, ऑपरेशन थिएटरमध्ये सगळं स्वच्छ करून देतात, सुई आत बाहेर व्हायला काही सेकंद. आण्णा म्हणाले, "दाबल्यावानी वाटलं, दुखलं न्हाय." ही इंजेक्शनं एकदा देऊन भागत नाही, सुरवातीला दर महिन्याला लागतात, मग ओसीटी बघून ठरवतात, आणि औषधाप्रमाणं किमतीत मोठा फरक असतो. मॅडमनी स्वस्तातलं कुठलं, महागातलं कुठलं, कशात काय फरक हे कागदावर लिहून दिलं आणि म्हणाल्या घरी जाऊन ठरवा, आठवडाभरात कळवा. कुणी मागं लागलं नाय. नंतरच्या ओसीटीत ते टेकाड बरंच बसलंय, आण्णांना उजव्या डोळ्यानं तक्त्यावरची आणखी एक ओळ वाचता येतेय. बीपीची गोळी आता ते स्वतः न चुकता मागून घेतात, कारण मॅडमनी सांगितलं की नुसती शुगर नाही, बीपी आणि रक्तातली चरबीपण आवरली पाहिजे, आणि डोळ्यात असं निघालं की किडनी पण तपासून घ्या. ती तपासणी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी लगेच करून घेतली.

माझ्या फाईलवर पुढच्या वर्षीची तारीख घातली आहे आणि मोबाईलवर मेसेज येईल असं सांगितलंय.

हॉस्पिटलवाले हे वाचत असतील तर तुमच्याकडं मागणं एवढंच आहे. फोनवर अपॉइंटमेंट देतानाच सांगा की बरोबर एक माणूस आणा, गाडी स्वतः चालवत येऊ नका, जेवून या, टोपी नायतर गॉगल आणा. सहीचे कागद औषध घालायच्या आधी द्या आणि मोठ्या मराठी अक्षरात छापा. आणि दारात एक पत्र्याचं छप्पर टाका, खाली दोन बाकडी ठेवा, रिक्षा येईपर्यंत म्हाताऱ्या माणसांना सावलीत बसता येईल. एवढं केलंत तर पाचवा स्टार मी स्वतः येऊन वाढवीन.